एकाहत्तर निळ्या चिठ्ठ्या

लाइम हिल, व्हरमाँट
९ सप्टेंबर १८५८

रॉक्साना ताई,

पडलो. एका मताने पडलो. दुसऱ्या कुणाच्या पत्रातून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसलोय, कारण बाकीचे लिहितील ते हसत हसत लिहितील.

डीकन सायलस पेकला एकाहत्तर, मला सत्तर. म्हणजे यंदा ऑक्टोबरात आपल्या गावचा प्रतिनिधी म्हणून राजधानीत तो बसणार आणि मी इथे बटाटे काढणार. अकरा वर्षं गावाचा पंच म्हणून रस्ते, पूल, कुंपणांची भांडणं मी निस्तरली. दोनदा राजधानीत जाऊन आलो. आणि लोकांनी निवडला कोण, तर चर्चमध्ये स्वतःच सांगत असलेल्या प्रार्थनेत ज्याला डुलकी लागते तो माणूस.

हरलो हे लागलंयच, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त लागलंय ते दुसरंच. डीकनने आपल्या चिठ्ठ्या जिल्ह्याच्या गावी छापून आणल्या होत्या, पांढऱ्या पातळ कागदावर. मी म्हटलं, घरात लव्हिनासारखी सुबक अक्षराची बायको असताना छापखाना कशाला? तिने दोन दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून निळ्या कागदावर माझ्या नावाच्या नव्वद चिठ्ठ्या लिहिल्या आणि घड्या घातल्या. त्या मी मतदानाच्या दिवशी लोकांच्या हातात दिल्या. तिकडे जाऊन तुला बारा वर्षं झाली, तरी आपली रीत तू विसरली नसशील. घडी कितीही घाला, पेटीत कुठल्या रंगाचा कागद पडला ते सगळं गाव बघतं. मी पेटीपासून चार हातांवर उभा राहून एकेक मोजत होतो. एकाहत्तर निळ्या पडल्या, ताई, माझी स्वतःची धरून. पांढऱ्या सत्तर. मी जिंकलो होतो. लोक हात मिळवायला पुढे आले होते.

मग मोजणी झाली आणि उलटंच निघालं. गावचा कारकून जोएल बट्रिक, त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की एका निळ्या चिठ्ठीवर नाव पेकचं होतं. हाताने लिहिलेलं, सुबक अक्षरात. म्हणजे बघ, कुणीतरी गावाला दाखवायला माझा रंग घेतला आणि आत डीकनला मत दिलं. पांढरी टाकली असती तर मी एका शब्दाने बोललो नसतो. उघड वैऱ्याशी मला जमतं.

माझा संशय नॅथन कोलवर आहे. वीस वर्षांचा शेजारी, पण त्या दिवसापासून नजर चुकवतोय. गिरणीत भेटला तर वाईट झालं म्हणाला आणि लगेच आपल्या पोत्याकडे वळला. त्याची बायको काल लव्हिनाला मधाचं पोळं देऊन गेली. कधी नाही ते मध कशासाठी? कुठेतरी पाणी मुरतंय.

घरचं सगळं ठीक. ऑरिनचं लग्न थँक्सगिव्हिंगच्या सणाला ठरलंय. त्याच दिवशी शेताचा कागद त्याच्या नावे करून द्यायचा आहे, आपल्या बाबांनी माझ्या नावे केला तसाच. शेत त्याने करायचं आणि आम्हा दोघांना दोन खोल्या, जळण आणि एका गाईचं दूध द्यायचं. मुलगी डीकनची आहे हे तुला माहीतच आहे. त्यावर मी सध्या काही बोलत नाही.

तुझा भाऊ
एसा थ्रॉल


हिकरी ग्रोव्ह, विस्कॉन्सिन
२४ सप्टेंबर १८५८

एसा,

हरलास ते वाचून वाईट वाटलं. तुझ्या बाजूने दोन टिपं गाळणार होते, तेवढ्यात मधाच्या पोळ्याशी आले आणि हसू आवरेना. शेजारीण गोड वागली म्हणून तिचा नवरा दगाबाज? अरे, माणसं घरात दुःख झालं की काहीतरी घेऊन येतात. तू हरलास म्हणजे त्यांच्या लेखी तुझ्या घरात दुःखच झालं.

तू काही आजचा असा नाहीस. आठ वर्षांचा असताना कोंबड्यांच्या अंड्यांवर कोळशाने खुणा करून ठेवायचास, मी पळवते का ते बघायला. मी पळवत होते ही गोष्ट वेगळी. पण त्या पायी तू दिवसभर खुराड्यापाशी बसून राहायचास आणि बाकीची पोरं ओढ्यावर पोहून यायची, ते आठवतंय ना?

एक चिठ्ठी. सोडून दे. यंदा सफरचंदं काढायला घरी आहेस, तर बायकोबरोबर काढ. पोराच्या लग्नाचं बघ. डीकन झोपाळू असला तरी त्याची एमेलिन गुणाची आहे असं ऑरिन लिहितो. आम्ही यंदा मका चांगला घेतला. तुझ्या मेहुण्याचा, अ‍ॅबनरचा गुडघा थंडीची वर्दी द्यायला लागलाय, बाकी बरा आहे.

नॅथनशी नीट वाग. तो तुला नांगरणीला बैल देतो.

तुझी ताई
रॉक्साना


लाइम हिल
८ ऑक्टोबर १८५८

ताई,

नॅथन नाही. खात्री करून घेतली. गावाच्या रस्त्याच्या कामाचा एक अर्ज आहे असं सांगून मी त्याच्यापुढे कागद सरकवला आणि म्हटलं, यावर दोन ओळी तुझ्या हाताने लिही. तो कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघत राहिला. त्याला लिहिता येत नाही. वीस वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं. मी हे कशासाठी करतोय ते त्याच्या लक्षात आलं. टोपी घातली आणि गेला. बैल आता मिळायचे नाहीत, पण निदान एक नाव यादीतून गेलं.

मग मी शांतपणे विचार केला. ज्याने हे केलं त्याला चांगलं लिहिता येतं. त्याला आमच्याच निळ्या कागदाचा तुकडा मिळाला, आणि तो कागद लव्हिनाच्या खणात असतो, दुसरीकडे गावात कुठे नाही. ताई, माणूस घरातला आहे.

ऑरिनने दोन हिवाळे शाळेत मास्तरकी केली, त्याचं अक्षर छापल्यासारखं. पेकची मुलगी त्याला हवी आहे, आणि होणाऱ्या सासऱ्याला खूश ठेवायचा याहून सोपा मार्ग कुठला? निवडणुकीच्या आधी महिनाभर तो रविवारी दुपारी त्यांच्याकडेच असायचा. आणि निकाल लागला तेव्हा सगळे आरडाओरडा करत होते, हा मात्र गप्प उभा. मनात शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती, मीच तिला गप्प केली.

जोएलकडून ती चिठ्ठी मी मिळवली आहे. नियमात बसत नाही, पण जोएलला दोन वेळा कारकून मीच करवला. ती या पत्रात घातली आहे. तुझ्याकडे ऑरिनची पत्रं आहेत. शेजारी शेजारी ठेव आणि मला स्पष्ट सांग. मला स्वतःला तर अक्षर अगदी लव्हिनाच्या वळणाचं वाटतं, आणि त्यामुळेच माझी खात्री जास्त पटते. ऑरिनला लिहायला तिनेच शिकवलं.

तुझं उत्तर येईपर्यंत शेताच्या कागदावर मी सही करणार नाही. दगा देणाऱ्याच्या हातून म्हातारपणी दूध पिणं मला जमायचं नाही. लव्हिनाला यातलं काही सांगितलेलं नाही. ती उगाच घाबरेल.

एसा


लाइम हिल
१० ऑक्टोबर १८५८

वन्सं,

तुम्हाला पत्र लिहिते म्हणजे यांच्या पत्राच्या शेवटी दोन ओळी घालते, हेच माझं आजवरचं लिहिणं. आज वेगळं पाकीट घेतलंय. हे मेंढ्या बघायला वरच्या कुरणात गेलेत.

यांनी ऑरिनशी बोलणं टाकलंय. जेवताना मीठ हवं असलं तरी मला सांगतात, त्याच्यापुढे ठेवलेलं असलं तरी. पोर विचारतं, आई, मी काय केलं? आणि मी पातेल्यात डोकं घालून उभी राहते. वन्सं, ज्या चिठ्ठीसाठी हे गावभर माणसं हुंगत फिरताहेत ती मी लिहिली.

सगळं सांगते. दर निवडणुकीला आमच्या टेबलावरून एक माणूस उठून जातं. पहिल्या वर्षी रस्त्यावरून लोहाराशी बिनसलं. मग पुलावरून माझ्या भावाशी. तो दोन मैलांवर राहतो आणि सहा वर्षांत आमचा उंबरा चढलेला नाही. मार्चमध्ये मेपलचा रस उकळायला पूर्वी वीसेक माणसं यायची, पोरं बर्फावर पाक ओतून खायची. गेल्या मार्चला आम्ही तिघंच होतो. हे मुळात वाईट नाहीत, तुम्ही ओळखता. पण कुणी मत दिलं, कुणी नाही, कोण कुणाशी का बोललं, हे डोक्यात शिरलं की यांना माणूस दिसेनासा होतो.

म्हणून मी यंदा म्हटलं, उभे राहू नका. असं मी काही बोलते हेच यांना नवल. हसले आणि म्हणाले, अगं, तुझं मत मीच देतो ना, नवऱ्याचं मत ते घराचं मत. मन दुखवायला नाही बोलले. पण मी चिठ्ठ्या लिहायला बसले, आणि ऐंशीएक झाल्यावर माझा हात थांबला. नव्वद वेळा यांचं नाव लिहायचं आणि मला काय वाटतं ते एकदाही लिहायचं नाही, असं मनात आलं. एका कागदावर मी सायलस पेक लिहिलं. त्या डीकनचं मला काही कौतुक नाही. मला हे घरी हवे होते, एवढंच. ती चिठ्ठी घडी घालून यांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि सांगितलं, ही तुमची.

यांनी ती न उघडता पेटीत टाकली.

मला वाटलं होतं हे वीस मतांनी निवडून येतील. माझं एक मत असून नसल्यासारखं, कुणाला कळायचं नाही, फक्त मला कळेल की मी दिलं. ते एवढं मोजलं जाईल असं कुठे वाटलं होतं? आता सांगावं तर यांच्या तोंडाकडे बघायची छाती होत नाही. न सांगावं तर पोराच्या गळ्याशी येतंय. लग्नाला सहा आठवडे उरले. तुम्ही यांच्या मोठ्या बहीण, यांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. काय करू ते सांगा.

तुमची
लव्हिना


हिकरी ग्रोव्ह
२५ ऑक्टोबर १८५८

लव्हिना,

तुझं पत्र आणि तुझी चिठ्ठी एकाच दिवशी माझ्या हातात पडली. चिठ्ठी तुझ्या नवऱ्याने पाठवली आहे, ऑरिनच्या पत्रांशी ताडून बघायला. तुला यातलं काही सांगितलेलं नाही असंही लिहिलंय. मी तुझं पत्र आधी वाचलं म्हणून बरं, नाहीतर त्याचं वाचताना खुर्चीतून पडले असते.

आधी मी हसले. अ‍ॅबनर चुलीपाशी होता, त्याला कारण सांगितलं नाही. मग हसू थांबलं. माझी साठी आली आणि मीही आजवर कुठल्या पेटीत काही टाकलेलं नाही. तू टाकलंस. त्यासाठी मी तुला रागवणार नाही.

पण पोरासाठी रागावते. एसाने मनात घेतलंय की ऑरिन दोषी, आणि शेताचा कागद तो अडवून ठेवणार आहे. एकदा त्याच्या मनात बसलं की ते रोज थोडं थोडं पक्कं होतं, उलट कधी होत नाही. तेव्हा सणाच्या आधी तूच सांग. माझ्याकडून कळलं तर तो म्हणेल, दोघींनी मिळून केलं. त्याला मी आजच लिहितेय की अक्षर ऑरिनचं नाही. कुणाचं ते लिहीत नाही. ते सांगायचा हक्क तुझा आहे.

दिवसाउजेडी सांग, आणि त्याचं पोट भरलेलं असताना.

रॉक्साना


हिकरी ग्रोव्ह
२५ ऑक्टोबर १८५८

एसा,

ऑरिनची आठ पत्रं काढून चष्मा लावून बघितली. हे अक्षर त्याचं नाही. चिठ्ठी परत पाठवतेय, तूही पुन्हा बघ. बघताना आधी ठरवून बघू नकोस.

मला याहून जास्त विचारू नकोस. विचारायचंच असेल तर आपल्या घरात विचार, आणि गोड शब्दात विचार. तुझ्या घरात तुला जीव लावणारी दोन माणसं आहेत. दोघांनाही गमावून बसशील.

रॉक्साना


लाइम हिल
१२ नोव्हेंबर १८५८

ताई,

तुझं पत्र पोचलं. मी भोळा असतो तर त्याने माझं समाधान झालं असतं. ‘ऑरिनचं नाही’ असं ठामपणे म्हणायला कुणाचं आहे ते माहीत असावं लागतं. ते तुला माहीत आहे आणि तू लिहीत नाहीस. याचा अर्थ एकच. ऑरिनने तुला आधीच लिहून तुझे कान भरले. तू बारा वर्षं त्याला बघितलं नाहीस, पत्रातला भाचा सगळ्यांनाच गोड वाटतो.

आता इथे काय झालं ते ऐक. काल दुपारी जेवणं झाली. लव्हिना पिठाचे हात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ती चिठ्ठी मी लिहिली, तुमच्या खिशात मीच ठेवली, तुम्ही टाकलीत. मग उलगडा झाला. आई ती आईच. पोरावर बालंट आलं की स्वतःच्या अंगावर ओढून घेणार. मी तिच्यावर ओरडलो नाही. एवढंच म्हटलं, ‘लव्हिना, तुला यातलं काय कळतं? जा, पाव बघ, करपेल.’

ती हात पुसून निघून गेली. अठ्ठावीस वर्षांत तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि कबूल करतो, चांगलं जमलं तिला. खिसा कुठला, घडी कशी, सगळं पढवल्यासारखं. कुणी पढवलं ते सांगायला नको.

संध्याकाळचं दूध काढण्याआधी मी ऑरिनला गोठ्यात गाठला. म्हटलं, सणाच्या दिवशी कागद होणार नाही, आणि का होणार नाही ते तुला ठाऊक आहे. त्याने विचारलं, ‘बाबा, तुम्ही मला विचारताय की सांगताय?’ मी म्हटलं, सांगतोय. मग तो पुढे एक शब्द बोलला नाही. निर्दोष माणूस इतका गप्प बसतो का?

एसा


लाइम हिल
२८ नोव्हेंबर १८५८

वन्सं,

गुरुवारी पोराचं लग्न झालं. डीकनच्या घरी झालं. यांनी नवा कोट घातला, घोडी जुंपली, आणि फाटकापाशी जाऊन परत फिरले. मी एकटी गेले. नॅथन कोलने मला आपल्या गाडीतून नेलं. वाटेत त्याने यांच्याबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. त्याने काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

ऑरिनला मी लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तो आधी महिन्याभरात पहिल्यांदा खदखदून हसला. मग त्याने माझा हात धरला आणि विचारलं, आई, तू हे बाबांना सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. काय म्हणाले? म्हटलं, पाव बघायला पाठवलं. तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हणाला, आता कागद दिला तरी मी घेणार नाही.

दोघं तुमच्याकडे यायला निघताहेत, येत्या गुरुवारच्या गाडीने. वन्सं, मीही येतेय. कुणाशी भांडून नाही. यांना मी सांगितलं, सहा मडकी बीन्स शिजवून बाहेरच्या गारठ्यात ठेवली आहेत, एकेक गरम करून खा, आणि मी खरं बोलले असं वाटेल त्या दिवशी मला लिहा. यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, हेसुद्धा ऑरिननेच शिकवलेलं दिसतंय.

मला राग आला तो तेव्हा. चिठ्ठी लिहिल्याबद्दल मला शिव्या घातल्या असत्या, दार लावून घेतलं असतं, तर मी सोसलं असतं. मी केलं होतं, मी भोगलं असतं. पण मी केलं हेच यांना खरं वाटत नाही. एकदाच काहीतरी माझं म्हणून केलं. शेत ऑरिनच्या नावावर झालं नाही, माझं ते एवढंसं मत मात्र त्याच्या नावावर गेलं.

एमेलिन अजून लाजते, तिला तुमच्या खोलीजवळची खोली द्या. मला कुठेही चालेल.

लव्हिना


लाइम हिल
२५ जानेवारी १८५९

लव्हिना,

गाय दूध देत नाही. म्हणजे देते, पण मला देत नाही, लाथ देते. बीन्सची मडकी नाताळाच्या आधीच संपली. पाव करून बघितला, तो कोंबड्यांनीही बाजूला ठेवला. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. कुठून सुरुवात करावी ते कळत नाही म्हणून लिहितोय.

पंधरा दिवसांपूर्वी जेवायला काहीच नव्हतं. म्हटलं तळघरात तुझं काहीतरी असेल. बटाट्यांच्या पलीकडे तळघरात मी कधी गेलोच नव्हतो, सगळं आयतं वर यायचं. तिथे फळीवर तुझ्या बरण्या एका ओळीत, प्रत्येकीवर कागद डकवलेला. प्लम, पेअर, पंपकिन, सगळी पी अक्षराने सुरू होणारी. आणि त्या प्रत्येक पीची शेपूट खाली येऊन डावीकडे वळते आणि तिला एक बारीकसा फास असतो. मी वर जाऊन ताईने परत पाठवलेली ती चिठ्ठी आणली आणि बरणीला लावून धरली. पेकच्या नावातला पी आणि प्लमचा पी, फासासकट तोच. मग वळून बघितलं तर बटाट्यांच्या खोक्यांवर ऑरिनने खडूने लिहिलेलं आहे. त्याचा पी काठीसारखा सरळ, शेपूट नाही, फास नाही. हे खोके दर वर्षी मीच उचलतो.

एक टोपली पालथी घालून मी तिथे बसलो. हातातला कंदील विझेपर्यंत बसलो होतो. त्या दिवशी काही खाल्लं नाही.

तू खोटं चांगलं बोललीस असं मी ताईला लिहिलं होतं. ते पत्र तिच्याकडे असेल. जाळून टाकायला सांग. नको, राहू दे, तुला हवं तर वाच. मला त्याची लाज वाटते आणि वाटायलाच हवी.

मला माझ्या हाताने मीच पाडलं, हे आता मी गिळलंय. तू ते का केलंस हेही कळलंय. तळघरातून वर आलो तेव्हा घरात विचारायलाही कुणी नव्हतं, तेव्हा कळलं. पण एक गोष्ट मला अजून टोचतेय. मी गावातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला. नॅथनवर घेतला, पोटच्या पोरावर घेतला, बहिणीवरही घेतला. तुझ्यावर नाही घेतला. आधी वाटायचं, बायकोवरचा विश्वास तो. विश्वास कसला, लव्हिना. तू समोर उभी राहून सांगितलंस तरी पटलं नाही, कारण तुला स्वतःचं असं काही वाटत असेल हेच माझ्या डोक्यात कधी आलं नाही. ज्या माणसाला काही वाटतच नाही त्याच्यावर संशय तरी कसा घेणार? अठ्ठावीस वर्षं मी असा राहिलो.

नॅथनकडे गेलो होतो. माफी मागितली. विचारलं, त्या दिवसांत माझी नजर का चुकवत होतास? म्हणाला, ‘तुझा चेहरा बघवत नव्हता, एसा.’ त्याने बैल द्यायचं कबूल केलंय. तुझ्या भावाकडेही जाऊन आलो. तो दारातच उभा राहून बोलला, पण बोलला.

शेताचा कागद ऑरिनच्या नावे केला. जोएल साक्षीला होता. कागद यासोबत आहे. अट काही नाही, दोन खोल्यांचीही नाही, दुधाचीही नाही. त्याने यावं, विकावं, ताईच्या चुलीत घालावं. त्याला सांग, मी विचारायला हवं होतं आणि मी सांगत बसलो. एमेलिनलाही सांग, डीकनच्या घरी जाऊन मी कॉफी घेतली. तो खरंच बोलता बोलता झोपतो.

आता एक गोष्ट विचारायची आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा आहे आणि पंचाच्या जागेसाठी लोकांनी दोन नावं पुढे केली आहेत. एक नॅथन, एक मी. मी उभं राहावं का हे तुला आधी विचारायला हवं होतं. ते राहून गेलं आणि नाव तर लागलंय. या खेपेला चिठ्ठ्या मी कुणाकडून लिहून घेतल्या नाहीत, ज्याची त्याने लिहावी असं दोघांनी ठरवलं आहे. नॅथनची जोएल लिहून देणार आहे.

माझ्यापुरता तुझ्या खणातला एक निळा कागद काढून यासोबत ठेवलाय, कोरा. त्यावर तुला वाटेल ते नाव लिही, घडी घाल, आणि पत्र लगेच टाकलंस तर मंगळवारच्या आत पोचेल. मी ती खिशात ठेवीन आणि पेटीत टाकीन. उघडून बघणार नाही.

एसा